घरून काम आणि पोटमाळ्याची शिडी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कांजूरमार्गला वन-बीएचके, घरात आईवडील, शिक्षिका असलेली बायको आणि चार वर्षांची मुलगी. नोकरी लोअर परळच्या विमा कंपनीत, आरोग्यविम्याचे क्लेम तपासण्याची. आठवड्यातले तीन दिवस घरून काम मिळालं तेव्हा लोकलची रेटारेटी वाचली म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आता सहा महिन्यांनी गत अशी की सकाळी ९ ला उघडलेला लॅपटॉप रात्री १० ला मिटतो, तरी ऑफिसात संध्याकाळपर्यंत जेवढ्या फायली हातावेगळ्या व्हायच्या तेवढ्या होत नाहीत. वर आई म्हणते, ‘घरीच तर असतोस.’ तुम्ही विचारलंय, कोणतं ॲप वापरू, कोणती खुर्ची घेऊ, आणि कामात मन लागावं म्हणून काय करू.

खुर्चीचं शेवटी सांगते. ॲपचं उत्तर मधे कुठेतरी येईल. पण मन लागत नाही, हे काही मला पटलं नाही. तेरा तास लॅपटॉपला चिकटून बसणारा माणूस कामचुकार नसतो. तुमचं काम सुरू कधी होतं आणि संपतं कधी, हे घरात कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. असं वाटायला कारण आहे, कारण हेच दुखणं मी अंगावर काढलंय.

मी भाषांतरकार. इंग्रजीतून मराठीत, बहुतेक वैद्यकीय मजकूर. औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्यांची संमतीपत्रं, रुग्णांसाठीच्या माहितीपत्रिका, प्रश्नावल्या असलं काम. २००१ पासून घरूनच करते. तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. दहा बाय पंधराची खोली, त्यात सासूसासरे, आम्ही दोघं, कॉलेजात जाणारा दीर, आणि पुढे आमचा मुलगा. कॉम्प्युटर ठेवायला खाली जागाच नव्हती, म्हणून तो पोटमाळ्यावर चढवला. तो जुना डबा मॉनिटर वर न्यायला तीन माणसं लागली होती. पोटमाळ्यावर उभं राहता यायचं नाही, चटईवर मांडी घालून बसायचं आणि समोर पाटावर कीबोर्ड. मे महिन्यात वर भट्टी असायची. टेबलफॅन गरम हवाच इकडून तिकडे करायचा.

तरी सांगते, तिथे माझं काम चोख व्हायचं. दिवसाला दोन हजार शब्द, तपासून. आमच्या धंद्यात हा चांगला आकडा मानतात. त्या खोलीत रेडिओ चालू, कुकरच्या शिट्ट्या, चाळीच्या गॅलरीतली भांडणं, नळाला पाणी आलं की बादल्यांचा खणखणाट, सगळं चालू असायचं. तेव्हा मला वाटायचं, माझी एकाग्रताच दांडगी.

एकाग्रतेचा संबंध नव्हता, हे पुढे कळलं. सगळी करामत शिडीची होती. शिडी चढले की मी कामावर. शिडी उतरले की घरी. मधली अवस्थाच नव्हती. कुणाला माझ्याकडून काही हवं असेल तर आठ पायऱ्या चढून यायला लागायचं, आणि मीठ कुठे ठेवलंय हे विचारायला आठ पायऱ्या कुणी चढत नाही. मीठ आपोआप सापडतं.

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. ते गिरणीत होते, १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच. पण भोंग्यावर चाललेलं आयुष्य त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. एकाच खोलीत रातपाळीचा माणूस दिवसा झोपलाय आणि बाकीचे आवाज न करता वावरताहेत, हे गिरणगावात लहान पोरांनाही ठाऊक असायचं. त्यामुळे त्यांनी माझं काम पहिल्या दिवसापासून पाळी म्हणूनच धरलं. दाराशी कुणी आलं की सांगायचे, ‘सून पाळीवर आहे, एक वाजता उतरेल.’ शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, ते या शब्दाच्या दुसऱ्या अर्थामुळे, आणि सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्या का हसतात. पण त्या एका वाक्यानं अख्ख्या मजल्याला समजलं होतं की या बाईला एकपर्यंत हाक मारायची नाही. मी कितीही सांगितलं असतं तरी ते झालं नसतं.

२००६ मध्ये इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भांडुपला वन-बीएचकेत आलो. सासूसासरे काही वर्षं गावी राहिले, दीर नोकरीला पुण्याला. म्हणजे जागा दुप्पट आणि माणसं निम्मी. मला हॉलच्या कोपऱ्यात खरंखुरं टेबल मिळालं. आणि काम कोसळलं. दिवसाला दोन हजार शब्दांचे बाराशे झाले, तेही रात्री जागून. टेबल हॉलमध्ये असल्यामुळे मी दिवसभर सगळ्यांना दिसत होते आणि सगळं घर मला दिसत होतं. वाळत घातलेले कपडे दिसायचे, आभाळ आलेलं दिसायचं, मग उठायचं.

२००७ मधली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे मी सावध झाले. एका संमतीपत्रात गोळी कधी घ्यायची याची सूचना होती, दोन दिवसांतून एकदा. वाक्य वाचून झालं आणि बेल वाजली. सिलिंडरवाला. सिलिंडर आत घेतला, सील बघितलं, सुट्ट्या पैशांसाठी डबे हुडकले, रिकामा बाहेर दिला. परत येऊन बसले आणि लिहिलं, ‘दिवसातून दोनदा’. म्हणजे चौपट डोस. माझ्या नजरेत ‘दोन’ आणि ‘दिवस’ हे दोन शब्द राहिले होते, वाक्य निसटलं होतं. नंतर तपासतानाही मला ते दिसलं नाही. आमच्या कामात एक रीत आहे, मराठी झालेला मजकूर दुसरा भाषांतरकार मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत आणतो आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघतात. त्या गाळणीत ती चूक सापडली, म्हणून निभावलं. एजन्सीच्या बाईंनी फोनवर आवाजही चढवला नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, ‘मॅडम, तुमच्याकडून?’ ते अजून कानात आहे.

सिलिंडरचं काम सहा मिनिटांचं होतं. पण नुकसान त्या सहा मिनिटांचं नव्हतं, परत आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचं होतं. सोफी लरॉय या संशोधिकेचा २००९ मधला एक अभ्यास पुढे माझ्या वाचनात आला. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा अंश मनात रेंगाळत राहतो आणि दुसऱ्या कामाला पूर्ण डोकं मिळत नाही, असं त्यांनी मांडलंय. तुमच्या क्लेमच्या फायलीत हेच होत असणार. डिस्चार्ज समरी वाचता वाचता मुलगी हाक मारते, परत आल्यावर दाखल झाल्याची तारीख पुन्हा बघावी लागते, पॉलिसीची कलमं पुन्हा उघडावी लागतात. दिवसात वीस वेळा असं झालं तर रात्रीचे दहा वाजणारच.

आता अंदाजानं बोलण्यापेक्षा आधी मोजा. मी तेव्हा केलं ते करा. एक दोनशे पानी वही घ्या, मोबाइलवर नको. कामाला बसलात की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा, आणि पुढे एका शब्दात कारण. ‘बेल’, ‘चहा’, ‘बाबांचा फोन’, ‘उगाच’. पंधरा दिवस. काहीही सुधारायला जाऊ नका, नुसतं लिहा. माझ्या वहीत निघालं ते असं, टेबलाशी साधारण अकरा तास, त्यातलं सलग अर्ध्या तासाहून जास्त टिकलेलं काम मिळून जेमतेम साडेतीन तास. आणि उठण्याचं सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं ‘उगाच’. मी तोवर खुशाल घरच्यांवर खापर फोडत होते.

तुमची वही वेगळं सांगेल, कारण बरंच काही परिस्थितीवर आहे. तुमच्या कामात किती फोन आणि मीटिंग आहेत, वरिष्ठ ताबडतोब उत्तर मागतात का, कंपनीने लॅपटॉपवर माऊस हलतोय की नाही बघणारं सॉफ्टवेअर बसवलंय का, हे मला माहीत नाही. तसं सॉफ्टवेअर असेल तर माझ्या निम्म्या गोष्टी तुम्हाला लागू पडणार नाहीत. आणि तुम्ही पुरुष आहात हाही फरक आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घरी असताना लोक म्हणतात, ‘आहेसच तर जरा सिलिंडर घे.’ बाई घरी असली तर तेवढंही म्हणत नाहीत, धरूनच चालतात. तुमच्या घरी सोमवार ते शुक्रवार मुलीला शाळेतून कोण आणतं, दुपारचं जेवण कोण वाढतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वहीत तेही येऊ द्या, म्हणजे तुमच्या मोडलेल्या वेळासोबत दुसऱ्या कुणाचा मोडलेला वेळही दिसेल.

बाहेरच्या अभ्यासांचं म्हणाल तर एक मला फार उपयोगी वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिने काही कर्मचारी आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होते आणि पाचव्या दिवशी ऑफिसात येत होते. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातले सुमारे ९ टक्के निव्वळ जास्त मिनिटं काम झाल्यामुळे, म्हणजे मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. बाकीचे ४ टक्के घरी शांतता असल्यामुळे.

हा १३ टक्क्यांचा आकडा बरेच जण फेकतात. त्या प्रयोगात भाग घ्यायची अट मात्र सांगत नाहीत. घरी कामाच्या वेळात स्वतंत्र खोली हवी, ही अट होती. मुंबईत ती अट लावली तर किती जण उरतील? तेव्हा तुमचं काम घरी कमी होतंय म्हणून स्वतःला दोष देऊ नका, प्रयोगाच्या पहिल्याच चाळणीत तुम्ही बसत नव्हता. दुसरं, प्रयोग संपल्यावर लोकांना घर की ऑफिस हे पुन्हा निवडू दिलं, तेव्हा निम्म्यांहून अधिक जणांनी आपली निवड बदलली, आणि त्यानंतर फायदा २२ टक्क्यांच्या आसपास गेला. ज्याला जे मानवतं ते त्यानं केलं तर फरक पडतो, एवढाच मी त्यातून अर्थ घेते. तुमच्या बाबतीत तीनाचे दोन दिवस करून मिळत असतील तर मागायला लाजू नका. त्यात हार नाही. आणखी एक, त्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना त्यांच्या कामगिरीच्या मानानं बढत्या कमी मिळाल्या होत्या. म्हणून ऑफिसचे दोन दिवस हेडफोन घालून फायली उपसण्यात घालवू नका. ते दिवस साहेबांना दिसण्याचे, अडलेलं विचारण्याचे आणि कॅंटीनमध्ये बसण्याचे. फायली घरी.

आता शिडी. तुमच्याकडे पोटमाळा नाही, पण तुमची शिडी काय होती बघा. कांजूर ते करी रोड स्लो लोकल आणि तिथून पूल ओलांडून चालत लोअर परळ. ती लोकल तुम्हाला शिव्या खायला लावायची, पण रोज सकाळी तुम्हाला मुलीच्या बापातून क्लेमवाल्यात आणि संध्याकाळी उलट बदलायची. शिवाय संध्याकाळची ठरलेली गाडी पकडायची म्हणून तुम्ही अर्धा तास आधीच आवरायला लागायचात, उद्यासाठी काय ठेवायचं ते ठरवायचात. (तुमचं ऑफिस बहुधा कुठल्यातरी गिरणीच्या जागेवरच उभं असेल. सासरे असते तर त्यांनी नेमकी कुठली ते सांगितलं असतं.) लोकल गेली आणि तिच्याबरोबर ही दोन्ही कामं गेली. ती आता हातानं करायला लागतील.

मी काय केलं ते सांगते. सकाळी मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवलं की तशीच घरी न येता टेकडीच्या रस्त्याला एक फेरी मारायची, पंधरा मिनिटांची. परत येताना चपला दाराबाहेर काढल्या की सरळ टेबल. स्वयंपाकघरात शिरायचं नाही, पाणी प्यायलाही नाही, बाटली आदल्या रात्री भरून टेबलावर ठेवलेली. स्वयंपाकघरात शिरलं की ओट्यावर काहीतरी असतंच. तुम्हीही खाली उतरा, टपरीवर एक कटिंग मारा, परत या. घरातल्यांनी तुम्हाला बाहेर जाताना आणि आत येताना बघायला हवं, म्हणजे ‘हा आता आला तो ऑफिसात आला’ हे ठसतं. हसू येईल, पण पहिले आठ दिवसच येतं.

चार वर्षांच्या मुलीला ‘बाबा काम करतोय’ हे समजत नाही, कारण बाबा समोर बसलेला दिसतो. तिला खूण लागते. ऑफिसचं आयकार्ड गळ्यात घाला. माझ्या भाचीच्या घरी हा प्रयोग चालला. आयकार्ड गळ्यात असलं की बाबा ऑफिसात, काढून खुंटीला अडकवलं की बाबा घरी. मुलगी स्वतः पाहुण्यांना सांगायची. पण यात लबाडी चालत नाही. आयकार्ड खुंटीला असताना तुम्ही मोबाइलवर मेल बघितलीत की तिच्या लेखी खुणेची किंमत संपली. पोरं हे एका दिवसात ओळखतात.

मोठ्यांशी बोलणं जास्त अवघड. ‘मला कामात डिस्टर्ब करू नका’ असं सांगितलंत ना? सगळे सांगतात आणि त्याचा उपयोग होत नाही, कारण आईला त्यातून एवढंच कळतं की मुलगा घरात असून दिवसभर बोलायला मोकळा नाही. मग ती दर वेळी ‘एकच मिनिट’ म्हणत येते. त्यापेक्षा तुम्ही कधी मोकळे आहात ते सांगा, आणि ते पाळा. सव्वा अकराला चहा, आईसोबत, पंधरा मिनिटं, लॅपटॉपपासून लांब. एक ते दोन जेवण, सगळ्यांबरोबर. साडेसहानंतर तुमचाच. सव्वा अकरा नक्की येणार हे आईला एकदा पटलं की बँकेचं पासबुक, गावच्या काकांचा फोन, गुडघ्याची गोळी हे सगळं सव्वा अकरापर्यंत थांबतं. माझ्या सासूबाई नंतर भांडुपला राहायला आल्या तेव्हा डबीत चिठ्ठ्या टाकायच्या, चहाच्या वेळी डबी उघडून एकेक विचारायच्या. निम्म्या चिठ्ठ्यांचं काम तोवर झालेलंही असायचं.

आणि बेल. मुंबईत सकाळची बेल म्हणजे कचरा, इस्त्रीवाला, कुरिअर, सोसायटीची नोटीस, चुकून आलेला वरच्या मजल्याचा पार्सलवाला. बेल कुणी उघडायची हे एकदाच ठरवून टाका. तुमच्या वडिलांना विचारा, निवृत्त माणसाला असं एखादं खातं सांभाळायला मिळालं तर आवडतं. पार्सलं वॉचमनकडे ठेवायला सांगा. हे फार किरकोळ वाटेल, पण माझ्या वहीत ‘उगाच’ च्या खालोखाल ‘बेल’ होती.

तरीही मधे उठावं लागणारच. तेव्हा सिलिंडरच्या प्रसंगातून मी शिकले ते एक करा. उठण्याआधी एक ओळ खरडा. मी कुठे थांबले आणि पुढे काय करणार होते, बस्स. ‘परिच्छेद ४, डोस लिहायचा, दोन दिवसांतून एकदा.’ तुमच्यासाठी ‘फाइल अमुक, औषधाची बिलं बघून झाली, खोलीभाड्याची मर्यादा बघायची.’ बाहेर मूल रडत असेल तरी ती ओळ लिहून मगच उठायचं, दहा सेकंद लागतात. परत आल्यावर डोकं शोधाशोध करत बसत नाही. माझ्याकडे अशा कागदांचे गठ्ठे आहेत आणि त्यानंतर डोसाची चूक माझ्याकडून झालेली नाही. लाकडाला हात लावते.

अवघड काम कधी करायचं, हे तुमच्या इमारतीवर आहे. मुंबईत शांतता मागून मिळत नाही, ती कधी असते ते हुडकून ठेवावं लागतं. आमच्याकडे समोर टॉवरचं काम चालू होतं तेव्हा ड्रिलिंग साडेनऊला सुरू व्हायचं, दुपारी एक ते दोन मजुरांची जेवणाची सुट्टी, मग पुन्हा. मी डोसाचे आकडे, दुष्परिणाम असला अवघड मजकूर सकाळी साडेसहा ते साडेनऊ करायचे आणि ड्रिलिंगच्या वेळात शब्दसूची लावणं, बिलं करणं, मेलला उत्तरं देणं. तुम्हाला साडेसहाचं जमणार नाही, पण ऑफिसचे फोन सुरू व्हायच्या आधीचा एक तास तरी घ्या आणि गुंतागुंतीचे क्लेम त्यात घाला. साधे, रोजच्या ठरावीक शस्त्रक्रियांचे, दुपारी. गणपतीत वेगळाच हिशेब. लालबागला असताना त्या दहा दिवसांत मी नवीन कामच घ्यायची नाही. गल्लीत रांगेतली माणसं, तीही रात्रंदिवस. भांडुपला आल्यावर सुद्धा सवयीनं निम्मंच घेते.

ॲप. खरं सांगू का, ज्याला मोबाइलमुळे काम होत नाही त्यानं मोबाइलवरच औषध शोधू नये. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी ही पोमोडोरो पद्धत बरेच लोक सांगतात, फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसाची. त्यानं विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ती सुरू केली म्हणून टोमॅटोचं नाव. म्हणजे मुळात तिला ॲप लागतच नाही. भाषांतराला २५ मिनिटं मला तोकडी पडतात, जरा कुठे सूर लागतो तर घंटी वाजते. पण तुमच्या एका क्लेमला तेवढाच वेळ लागत असेल तर वेळेपेक्षा फाइल धरा. एक फाइल संपल्याशिवाय मोबाइलला हात नाही. आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा, चार्जिंगला. बायकोचे आणि साहेबांचे फोन येतील तेव्हा आवाज ऐकू येईल.

दिवस मोजायचा तो फायलींत. तासांत मोजलात तर रात्री १० पर्यंत बसल्याचं समाधान मिळतं आणि तेच घातक आहे. सकाळी ठरवा, आज अमुक इतक्या फायली. ऑफिसात होत असतील त्याच्या पाऊणपट धरा, सुरुवातीला. तेवढ्या झाल्या की बंद. साडेसहा वाजले आणि तेवढ्या झाल्या नाहीत, तरी बंद. हे दुसरं कठीण जातं, पण ते केल्याशिवाय पहिलं होत नाही, कारण ‘रात्री बघू’ हा दरवाजा उघडा असला की दुपारी कुणीही जीव तोडून काम करत नाही. मी तर करत नाही. बंद करताना साहेबांना दोन ओळींची मेल टाका, आज किती झाल्या, किती अडल्या आणि कशासाठी. ऑफिसच्या चॅटवर तुम्ही हजर असल्याचा हिरवा ठिपका रात्री १० पर्यंत दिसण्यापेक्षा या मेलनं तुमची पत जास्त राहील. मग लॅपटॉप बॅगेत, चेन लावून, बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर. जेवणाच्या टेबलावर नुसता मिटून ठेवलेला लॅपटॉप म्हणजे अर्धं ऑफिस उघडंच. बॅग ठेवल्यावर पुन्हा खाली उतरा, भाजी आणा, मुलीला फिरवा, आणि मग घरी या.

वीज आणि इंटरनेटचं थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. त्या दिवशी मला एक मजकूर दुपारी पाठवायचा होता. तेव्हापासून राउटरला छोटा बॅकअप लावलाय, काही तास पुरतो. आणि मोबाइलचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं. पावसाळ्यात एक बंद पडलं तर दुसरं चालतं.

राहिली खुर्ची. महागडी आत्ताच घेऊ नका. पोटमाळ्यावर मांडी घालून पाच वर्षं वाकल्यामुळे माझी मान कायमची धरली, त्यामुळे हे मी गमतीनं सांगत नाही. पण मान धरते ती खुर्चीपेक्षा लॅपटॉपच्या पडद्याकडे खाली बघून. आधी वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, तो खर्च फार नाही. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा. घरातली जेवणाची साधी ताठ पाठीची खुर्ची, कमरेमागे घडी केलेली सोलापुरी चादर, पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट. पंधरा दिवस असं बसून बघा. तोवर वहीही भरेल, आणि तुम्ही दिवसात किती वेळा उठता ते कळेल. माझ्याइतक्या वेळा उठत असाल तर खुर्ची कोणती आहे याला तसाही फारसा अर्थ नाही.

वहीतले आकडे मला जरूर कळवा. ‘उगाच’ किती वेळा आलं, तेही.